म्हणे दोन नॅनोमीटरनंतर शून्य!

काल रात्री पावणेअकराला काकांचा फोन. “मुदत ठेव मोडू का रे?” तिघांकडून त्यांना एकच निरोप आला होता: दोन नॅनोमीटर ही चिपची शेवटची पायरी, त्यापुढे शून्य, पुढच्या पिढीचं यंत्र जगात एकच कंपनी बनवते, आत्ता पैसे घाला, दसपट होतील, जोखीम अजिबात नाही. खाली एक लिंक.

‘पुढे शून्य’ ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला साष्टांग नमस्कार. अहो, नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, पण इथे २ नॅनोमीटर हे चिपच्या पिढीचं नाव आहे, माप नव्हे! चिपचं तंत्रज्ञान पुढे कसं जाईल हे मांडणाऱ्या, उद्योगाच्याच आयआरडीएस आराखड्याची २०२१ची आवृत्ती बघा. या पिढीत एका गेटच्या (चिपमधला सूक्ष्म स्विच चालू-बंद करणारा भाग) मध्यापासून शेजारच्या गेटच्या मध्यापर्यंतचं अंतर ४५ नॅनोमीटर धरलंय, आणि सगळ्यात दाट तारांमधलं २०. आकडे संपत आले तेव्हा इंटेलने सरळ ‘१८ए’ असं नाव ठेवलं. ए म्हणजे अँगस्ट्रॉम, नॅनोमीटरचा दहावा भाग. झालं, शून्य टळलं.

‘एकच कंपनी’ हे मात्र मानावं लागतं. ईयूव्ही यंत्रं, म्हणजे टोकाच्या अतिनील प्रकाशाने चिपची नक्षी छापणारी यंत्रं, नेदरलँड्सची एएसएमएलच बनवते. पण काकांना ते काल कळलं, बाजाराला कधीचंच ठाऊक आहे आणि शेअरच्या भावात ते केव्हाच धरलं गेलंय.

खरा संताप ‘जोखीम नाही’चा. २०१२मध्ये इंटेल, टीएसएमसी आणि सॅमसंग या चिप बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी मिळून एएसएमएलचा २३ टक्के हिस्सा घेतला, शिवाय संशोधनासाठी १.३८ अब्ज युरो कबूल केले. यांच्यापेक्षा जाणकार कोण? डाव दोन होते: ईयूव्ही आणि ४५० मिलिमीटरचे वेफर, म्हणजे ज्यांवर चिप बनतात त्या सिलिकॉनच्या चकत्या. वेफरचं काम एएसएमएलने २०१३मध्येच थांबवलं, पुढे सगळ्यांनीच तो नाद सोडला. ईयूव्ही जिंकलं, पण त्यावर घाऊक उत्पादन सुरू व्हायला २०१८-१९ उजाडलं. आणि त्याच २०१८मध्ये ग्लोबलफाउंड्रीज या चिप बनवणाऱ्या कंपनीने ईयूव्ही यंत्रं घेऊन ठेवलेली असतानाही ७ नॅनोमीटरचा नाद सोडला.

यंत्र आणलं की चिप छापून निघतात, असंही त्या निरोपात एक वाक्य होतं. एकेका वेफरवर महिनोन्महिने शेकडो प्रक्रिया होतात, एवढंच सांगतो.

काका, ठेव आहे तिथे राहू द्या. एएसएमएलचे शेअर उघड बाजारात मिळतात, त्यासाठी कुणाच्या लिंकवरून पैसे पाठवावे लागत नाहीत. आणि लिंक आधीच उघडली असेल तर आजच सांगा, मी रागावणार नाही.