बिनभाड्याची खोली

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी तोच फोटो फिरून येतो. नॉर्वेतल्या हाल्डेन तुरुंगातली खोली: पलंग, टीव्ही, खिडकीबाहेर झाडं. खाली काकांचं ठरलेलं वाक्य, "लॉजपेक्षा बरी आहे की! तू तिकडेच आहेस ना? एक बुक करून टाक." मी ऑस्लोजवळ राहतो, म्हणून उत्तराची जबाबदारी माझ्यावर.

आधी मलाही हे लाड पटत नव्हते. 2011 मध्ये ब्रेविक नावाच्या हल्लेखोराने इथे 77 जीव घेतले आणि शिक्षा ऐकली तर 21 वर्षं! माणूस धोकादायक राहिला तर ही मुदत पुन्हा पुन्हा वाढवता येते, हे नंतर कळलं. 2022 मध्ये त्याचा सुटकेचा अर्ज फेटाळला गेलाच.

मत बदललं ते गोदामात. सोबतचा एकजण रोज साडेतीनच्या ठोक्याला निघायचा. शुक्रवारच्या केकलासुद्धा थांबायचा नाही. एकदा म्हणाला, "बस चुकली तर तुरुंगात लेट लागतो." दिवसा काम, रात्री कोठडी, शिक्षेचे शेवटचे महिने. मुकादम एवढंच म्हणाला, "मग जड माल तीनच्या आत चढवू." विषय संपला.

इथे सगळं गोड आहे असंही नाही. कैद्यांना एकटं कोंडून ठेवण्यावरून 2019 मध्ये इथल्याच लोकपालाने संसदेला खरमरीत अहवाल दिला. पण ग्रुपवरचा वाद असतो तो शिक्षा झालेल्यांचा. भारतात मात्र आत असलेल्यांतल्या बहुतेकांना शिक्षा झालेलीच नसते. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती, त्यातले 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून न संपलेले. चारातले तीन! शंभराच्या जागेत एकशे एकतीस. खटल्याविना आत सडणाऱ्यांबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा हुसैनारा खातून निकाल 1979 चा आहे, म्हणजे हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही.

आमच्या गल्लीतल्या एका पोराला चोरीच्या केसमध्ये जामीन मंजूर झाला, तरी पुढचे पाच महिने तो आतच. पंधरा हजारांचा जामीनदार हवा, त्याचा सातबारा हवा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आईने सातबारा आणायचा कुठून? त्याला भेटायला जाताना नेलेल्या पायजम्याची नाडी दारावर काढून घेतली, तेवढं ती अजून सांगते. नाडीशिवाय पायजमा घालायचा कसा, हा तिचा प्रश्न. पुढे तो निर्दोष सुटला.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 479 आहे. पहिल्यांदाच अडकलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की बंधपत्रावर सुटका. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून. त्यासाठी अर्ज तुरुंग अधीक्षकाने करायचा. चांगलंच आहे, पण तोवर तो एक तृतीयांश कुणाच्या खात्यात धरायचा?

काका मूळचे आटपाडीचे. तिथलं स्वतंत्रपूर त्यांना चांगलं ठाऊक आहे. औंध संस्थानाने 1939 मध्ये वसवलेली कैद्यांची वसाहत. भिंत नाही, बायकापोरांसह शेती. परवा त्याची आठवण करून दिली. बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग आलं, "ते वेगळं. ती आपली माणसं होती."