मालकाचं नाव झाकलेलं आहे म्हणून साइट बनावट?

सायबर-जागृतीच्या नावाखाली व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला फिरतोय. वेबसाइटचं डोमेन, म्हणजे तिचं इंटरनेटवरचं नाव, ‘हूइज’ या डोमेन-नोंदींच्या सार्वजनिक यादीत शोधा, मालकाचं नाव-पत्ता झाकलेला दिसला तर साइट फसवी समजा. प्रामाणिक माणसाला लपवायचं काय? आणि अशा मालकापर्यंत पोलीसही पोचू शकत नाहीत. यातलं एकही विधान टिकत नाही, आणि ते खरं मानणाऱ्याचं नुकसान होऊ शकतं.

‘झाकलेलं म्हणजे फसवं.’ युरोपचा डेटा संरक्षण कायदा २५ मे २०१८ रोजी लागू झाला. जगभरच्या डोमेन-व्यवस्थेचे नियम ठरवणाऱ्या आयकॅनने त्याच दिवसापासून वैयक्तिक तपशील झाकण्याची मुभा देणारे तात्पुरते नियम आणले. मग अनेक रजिस्ट्रारनी, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपन्यांनी, युरोपबाहेरच्या ग्राहकांचेही तपशील सरसकट झाकून टाकले. म्हणजे आज डॉट कॉमवर मालकाने काही न मागताही बहुतेक वेळा नाव दिसत नाही. गैरवापर होतो, हे मान्यच. आयकॅनने २०१३ मध्ये करवून घेतलेल्या अभ्यासात गैरकृत्यांच्या डोमेनांमध्ये ओळख झाकणाऱ्या सेवांचं प्रमाण जास्त आढळलं. पण ज्याला सापडायचं नसतं तो संपर्क टाळण्याचे अनेक मार्ग वापरतो, हेही त्याच अभ्यासात आहे. खोटं नाव आणि बंद फोन नंबर देऊन तपशील खुशाल उघडे ठेवता येतात. सल्ला पाळणारा अशाच साइटवर विश्वास ठेवेल.

‘प्रामाणिक माणसाला लपवायचं काय?’ घरचा पत्ता! घरातून लोणची-मसाले विकणाऱ्या बाईंचं वेगळं ऑफिस नसतं. गावातल्या वाळूउपशावर लिहिणाऱ्या पत्रकाराला किंवा मारहाण करणारा नवरा सोडून आलेल्या बाईला पत्ता जगजाहीर होणं जिवावर बेतू शकतं. बाकीच्यांनाही त्रास चुकत नाही. हूइजमधले ईमेल पत्ते स्पॅमवाल्यांच्या हाती पडतात, हे आयकॅनच्याच सुरक्षा समितीने २००७ मध्ये तपासून सांगितलं. डोमेनमालकांना बिलासारखी दिसणारी नूतनीकरणाची पत्रं पाठवून ग्राहक पळवल्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००३ मध्ये एका कंपनीवर कारवाई केली होती. २०१५ मध्ये गूगल अ‍ॅप्समार्फत घेतलेल्या २,८२,८६७ डोमेनांचे तपशील एका सॉफ्टवेअर-चुकीने उघडे पडल्याचं समोर आलं. गोपनीयता मागून घेतलेल्या या लोकांचे तपशील नूतनीकरणाच्या वेळी उघडे झाले होते. हूइजच्या जुन्या नोंदी साठवून विकणाऱ्या कंपन्या आहेत, त्यामुळे एकदा उघडा पडलेला पत्ता नंतर झाकून उपयोग होत नाही. म्हणून गोपनीयता पहिल्या दिवसापासून हवी. डोमेन घेण्याआधी तिथे ती मिळते का ते पाहा. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी डॉट यूएस घेताना हे लक्षात ठेवावं. तिथे २००५ पासून ओळख झाकणाऱ्या सेवांना मनाई आहे.

‘पोलीस पोचू शकत नाहीत.’ तपशील जगाला दिसत नाहीत, रजिस्ट्रारकडे ते असतातच. आयकॅनशी झालेल्या करारानुसार रजिस्ट्रारला ग्राहकाचा ईमेल किंवा फोन १५ दिवसांत पडताळावा लागतो. तपास यंत्रणा कायदेशीर मार्गाने माहिती मागवू शकतात. डोमेनच्या नावावरून लवादात तक्रार गेली, तर रजिस्ट्रार नोंदणीधारकाचा तपशील लवाद चालवणाऱ्या संस्थेला कळवतो. परदेशी रजिस्ट्रारकडून उत्तर यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पैसे हातचे जातात, ही तक्रार खरी आहे. त्यासाठी माहिती लवकर मिळण्याची सोय मागावी. सगळ्यांचे पत्ते चव्हाट्यावर मांडून चोराचा खोटा पत्ता खरा होणार नाही.

साइट तपासायची असेल तर आयकॅनच्या लुकअप पानावर डोमेन टाका आणि नोंदणीची तारीख पाहा. ती सहसा उघडीच असते. बँकेच्या नावाने आलेल्या लिंकचं डोमेन गेल्याच आठवड्यात नोंदलेलं असेल, तर मालकाचं नाव कळायची गरजच नाही. स्पेलिंग अक्षर न अक्षर वाचा. तिथेच रजिस्ट्रारचं नाव आणि गैरवापराच्या तक्रारीसाठीचा ईमेलही मिळतो, तिकडे कळवा. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर-फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा.