एफआयआर झाली म्हणजे नोकरी गेली? त्या फॉरवर्डला उत्तर

सोसायटीच्या ग्रुपपासून कॉलेजच्या ग्रुपपर्यंत हा मेसेज फिरतोय: "एकदा एफआयआरमध्ये नाव आलं की आयुष्यात नोकरी नाही. सरकारी तर विसराच, निर्दोष सुटलात तरी उपयोग नाही. म्हणून फॉर्मवर सरळ 'नाही' लिहा, कंपन्यांना काही कळत नाही. रेकॉर्ड साफ करायचं असेल तर खालच्या नंबरवर फोन करा." आता कंपन्यांना काही कळतच नाही तर मग नोकरी जाते कशी, हे लिहिणाऱ्यालाच माहीत. मी हिंजवडीत एचआरमध्ये आहे, बीजीव्हीचे, म्हणजे उमेदवाराच्या पार्श्वभूमीच्या पडताळणीचे रिपोर्ट बघणं हे माझं रोजचं काम, म्हणून एकेक मुद्दा घेते.

"एफआयआर म्हणजे संपलं." नाही हो. तक्रार नोंदवली, तपास सुरू झाला, एवढाच त्याचा अर्थ. पुढे चार्जशीट होईल किंवा होणारही नाही, तक्रार खोटी निघाली तर पोलिस बी समरी, म्हणजे केस बंद करायचा अहवाल, कोर्टात पाठवतात. आणि पार्किंगवरून शेजाऱ्याशी वाजलं, चौकीत एनसी (अदखलपात्र तक्रारीची नोंद) झाली, तर ती एफआयआरसुद्धा नाही. केस असलेल्याला घेऊच नका असा सगळ्या खासगी कंपन्यांना लागू होणारा कायदा नाही, घ्याच असाही नाही, ज्याची त्याची पॉलिसी. बँकांचं वेगळं, १९४९ च्या बँकिंग रेग्युलेशन कायद्यानुसार नैतिक अधःपतनाच्या (फसवणुकीसारख्या) गुन्ह्यात शिक्षा झालेला माणूस त्यांना ठेवताच येत नाही. पण तिथेही शब्द 'शिक्षा' आहे, एफआयआर नाही.

"कंपन्यांना काही कळत नाही." ही सगळ्यात घातक ओळ. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी साइटवर नाव आणि वर्ष टाकलं की शिवाजीनगर कोर्टातली केस कुणालाही दिसते, त्यासाठी वकील लागत नाही, आणि निकाल लागलेल्या केसेसही तिथे दिसतात. शिवाय संवेदनशील गुन्हे सोडून बाकीच्या एफआयआर वेबसाइटवर टाका असं सुप्रीम कोर्टानेच २०१६ मध्ये सांगितलंय. कंपन्यांसाठी पडताळणी करणारे एजन्सीवाले तिथूनच शोधतात, मग वडिलांचं नाव, पत्ता जुळवून बघतात. (तुमच्याच नावाचा दुसरा कुणी निघाला आणि रिपोर्ट अंबर (म्हणजे शंका आहे, खात्री करा असा) आला तर घाबरू नका, तो मी नाही म्हणून कागद दाखवा, मिटतं.) विसर्जन मिरवणुकीतल्या मारामारीची जुनी केस बरेच मॅनेजर सोडून देतात, पण फॉर्मवर 'नाही' लिहून नंतर ती सापडली की विषय केसचा राहतच नाही, खोटी माहिती दिली म्हणून ऑफर जाते, जॉइन झालेला असला तरी काढतात, ऑफर लेटरमध्ये तशी अट असतेच.

फक्त प्रश्न नीट वाचा. 'शिक्षा झाली आहे का' विचारलं असेल आणि केस चालू असेल तर उत्तर 'नाही' हे खरंच आहे. 'गुन्हा दाखल आहे का' विचारलं तर मात्र सांगायचं.

"सरकारी तर विसराच." सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा अवतार सिंग खटल्याचा निकाल बघा, तीन न्यायाधीशांचा. किरकोळ केस लपवली असली तरी नेमणूक करणारा ते माफ करू शकतो, आणि जे फॉर्ममध्ये स्पष्ट विचारलंच नाही ते लपवलं असा ठपका ठेवता येत नाही. पण गंभीर गुन्ह्यातून तांत्रिक कारणावर सुटलात तर तुम्हाला न घेण्याचा अधिकार त्यांना राहतो, आणि सगळं खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यायलाच हवी असंही नाही. म्हणजे फॉरवर्डवाल्याचं इथे थोडंसं बरोबर आहे, 'उपयोग नाही' तेवढं सोडून.

राहिला तो नंबर. एफआयआर रद्द करायची तर हायकोर्टात जावं लागतं, कुठलाही एजंट पोलिसांच्या किंवा कोर्टाच्या रेकॉर्डमधून नाव काढू शकत नाही. सुटला असाल तर कोर्टातून निकालाची सर्टिफाइड कॉपी काढून ठेवा, आणि चारित्र्य पडताळणीचं सर्टिफिकेट हवं असेल तर पोलिसांकडे ऑनलाइन अर्ज घरबसल्या भरता येतो, त्याच्यासाठी कुणाला हजारो रुपये देऊ नका.