टॅटूआधी अख्ख्या हाताला क्रीम थापून प्लास्टिक गुंडाळू नका

माझा भाचा येत्या शनिवारी हातावर टॅटू काढून घेणार आहे. गणपतीच्या आधी काढायचाच, असं ढोलपथकातल्या चौघांनी मिळून ठरवलंय. काल बहिणीने घरच्या ग्रुपवर 'टॅटू न दुखता काढा, आठ दिवसांत बरा करा' असा फॉरवर्ड टाकला. खाली भाच्याचं उत्तर: "मावशी, क्रीम मागवलंय पण."

त्यातला पहिलाच सल्ला असा: बधिर करणारं क्रीम मनगटापासून खांद्यापर्यंत जाड थापा, वर स्वयंपाकघरातली प्लास्टिकची फिल्म गुंडाळा, दोन तास ठेवा, मध्येच दुखलं तर पुन्हा लावा. या क्रीममध्ये लिडोकेन असतं. आपल्याकडे डॉक्टर त्यालाच लिग्नोकेन म्हणतात. त्वचेतल्या नसांचे वेदनेचे संदेश ते अडवतं, म्हणून बधिरपणा येतो. तेच जास्त प्रमाणात रक्तात उतरलं, तर हृदय आणि मेंदूच्या कामातही अडथळा आणतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, मार्च २०२४ मध्ये टॅटूआधी लावायच्या अशाच क्रीमांबद्दल इशारा दिला. हृदयाचे ठोके बिघडणं, फिट येणं, श्वासाला त्रास होणं, हे धोके त्यात सांगितले आहेत. ४ टक्क्यांपेक्षा जास्त लिडोकेन नको, मोठ्या भागावर नको, सोललेल्या त्वचेवर नको, वरून प्लास्टिक तर नकोच. सुया फिरल्यानंतर पुन्हा क्रीम लावणं म्हणजे सोललेल्या त्वचेवरच लावणं. भाच्याने मागवलेल्या ट्यूबवर टक्केवारी छापलेलीच नाही!

दुखतं, हे खरं आहे. त्यासाठी पोटभर जेवून जा, आदल्या रात्री नीट झोपा, मध्ये थांबायला सांगा. 'दोन पेग घेऊन जा' हे अजिबात ऐकू नका. दारूने रक्त जास्त येतं.

फॉरवर्डमधला पुढचा सल्ला: 'तीन दिवस पाणी लावू नका, शाई धुऊन जाते.' तसं होत नाही. शाई वरच्या थराखाली, डर्मिसमध्ये बसलेली असते. कोमट पाण्याने, बिनवासाच्या सौम्य साबणाने, स्वच्छ हातांनी हलकेच धुवायचं आणि टिपून कोरडं करायचं. न धुतलेली जखम पिकू शकते.

'हळद आणि खोबरेल लावा' या सल्ल्याबद्दल थोडं मान्य करते. आमच्या आजीच्या हातावर गोंदण होतं आणि तिने हळदच लावली होती. हळदीत जंतू रोखणारे गुण आहेतही. पण ती चार ठिपक्यांची नक्षी होती. इथे वीतभर त्वचा सोललेली असणार, आणि डब्यातली हळद काही निर्जंतुक नसते. त्यापुढे 'खपली काढा म्हणजे रंग उठतो' असं लिहिलंय. खपलीबरोबर रंगच निघतो आणि व्रण राहतो. खाज सुटली तरी नख लावायचं नाही.

'टॅटू काढला की आयुष्यभर रक्तदान बंद' हेही चूक. आपल्याकडच्या रक्तदानाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत १२ महिने थांबायला सांगितलंय.

वरची त्वचा भरायला दोन ते चार आठवडे जातात. तोवर पोहायला जायचं नाही आणि उन्हापासून जपायचं. सरावात हात घामाने भिजणार, वर नदीकाठची धूळ. म्हणून पहिले पंधरा दिवस ढोल दुसऱ्याने वाजवावा, असं मी पथकप्रमुखांशी बोलले आहे. ते हो म्हणालेत. ट्यूब माझ्या कपाटात आहे, आणि शनिवारी मी भाच्याबरोबर जाणार आहे.