साडेचारशे डॉलरचं घराणं

नितीनने पिस्तुलाआधी होल्स्टर घेतलं. चामड्याचं, तांबूस, कडेने जाड दोऱ्याची शिलाई. शुक्रवारी रात्री ते त्याने कट्ट्यावर मधोमध ठेवलं आणि म्हणाला, "आता यात काय घालायचं तेवढं ठरवू."

"चष्मा घाल," अर्चना म्हणाली. "सारखा हरवतो तुझा."

आमचा कट्टा म्हणजे आयर्विंगमधल्या एका देशी किराणा दुकानाबाहेरची बुटकी सिमेंटची भिंत. शेजारी चहाची खिडकी. टेक्सासात ऑक्टोबर लागला तरी भिंत रात्रीपर्यंत कोमट असते, त्यामुळे बसायला बरं पडतं. मंडळी नेहमीचीच: नितीन, मंदार, अर्चना, एच-वन-बी व्हिसावरचा सुयोग आणि मी. शिवाय सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले जगदाळे काका. काका साताऱ्याकडचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी आर्मरर म्हणून केली, म्हणजे दुसऱ्यांची हत्यारं दुरुस्त करण्यात. ही माहिती नितीनला त्या रात्रीपर्यंत नव्हती. आम्हाला होती. आम्ही मुद्दामच सांगितली नव्हती.

तर नितीनला १९११ हवं होतं, म्हणजे त्या सालचं, अमेरिकन लष्कराचं .४५ इंची पिस्तूल, आणि तेही स्वस्तात. फोनवर तीन पानं उघडलेली: फिलिपीन्सचं रॉक आयलंड, तुर्कस्तानचं टिसास आणि स्प्रिंगफील्डचं मिल-स्पेक. पहिली दोन साडेचारशेच्या आगेमागे, तिसरं त्याहून बरंच वर. टॅरिफचं तर तुम्हाला माहीतच आहे. २०२५ च्या ऑगस्टपासून अमेरिकेने फिलिपीन्सच्या मालावर १९ टक्के आणि तुर्कस्तानच्या मालावर १५ टक्के आयातकर लावला होता. म्हणून दुकानातला जुना माल संपायच्या आत उरकायचं, अशी त्याची घाई.

"मार्च १९११," नितीन सुरू झाला. "लष्कराची चाचणी. एकाच पिस्तुलातून ६००० गोळ्या. तापलं की पाण्यात बुडवायचं, पुन्हा चालू. एकदाही अडकलं नाही! जॉन मोझेस ब्राउनिंग!" हा त्या पिस्तुलाचा कर्ता. नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायचा तेवढा राहिला.

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "बरोबर हाय. पण ते पिस्तूल कोल्ट कंपनीनं निवडून, घासूनपुसून परीक्षेला पाठवलेलं असणार. तुझं साडेचारशेचं. पणजोबा पैलवान होता म्हणून पणतू कुस्ती मारतो का?"

नितीनने काकांकडे प्रेमळ नजरेने पाहिलं. "काका, हे जरा टेक्निकल आहे."

अर्चनाने चहा दुसरीकडे वळून प्यायला.

मंदारचं नेहमीचं एकच असतं. गाडी कुठली घ्यावी, गादी कुठली घ्यावी, काहीही विचारा, तो एकदाच उत्तर देतो आणि मग तेच उत्तर देत राहतो. "ग्लॉक घे. १७ गोळ्या. वजन बरंच कमी. विषय संपला."

"ते प्लास्टिक आहे."

"तुझी मोटारसायकल लोखंडाची होती. अर्ध्या आयर्विंगने ढकलली ती."

मोटारसायकलचा विषय निघाला की नितीन गप्प होतो. इंग्रजांच्या काळचा आराखडा, आवाज ऐकून डोळ्यात पाणी, वगैरे सांगून त्याने ती घेतली होती. मग रेकॉर्ड प्लेअर आला. मग पितळेची दुर्बीण. नितीनला वस्तू लागत नाही, वंशावळ लागते. हे माझं मत झालं. अर्चनाने तेच त्याच्या तोंडावर सांगितलं: "तुला पिस्तूल नकोय, घराणं हवंय. साडेचारशेत गंडा बांधून घ्यायला निघालायस."

"गोळीत फरक आहे ना पण," नितीन म्हणाला. "पंचेचाळीसची गोळी! वजन २३० ग्रेन! लागली की माणूस उडून मागे पडतो."

"मग मारणारा बी उडून पडंल," काका म्हणाले. "धक्का दोन्हीकडं सारखाच की. न्यूटन काय फक्त समोरच्याला लागू हाय?"

सुयोग फिजिक्सचा एमएस्सी. तो इतका हसला की चहा नाकातून आला.

पण नितीन हटणाऱ्यांतला नाही. त्याने फिलिपीन्सची कथा काढली. दक्षिणेकडच्या बेटांवर मोरो लढवय्ये, अमेरिकनांकडे .३८ची रिव्हॉल्व्हरं, गोळ्या लागूनही माणूस थांबेना, म्हणून मग .४५चा आग्रह. कथेत थोडी फोडणी आहे, पण गाभा खोटा नाही. १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जनावरांवर आणि इतरत्र प्रेतांवर गोळ्या झाडून पाहिल्या आणि .४५पेक्षा लहान गोळी नको असं लिहून दिलं. आज ती परीक्षा शास्त्रीय म्हणायला कुणी धजणार नाही. पण लष्कराने मानली, आणि १९११ त्याच मापात जन्माला आलं.

"आणि आता ते बनतं कुठं?" काकांनी विचारलं.

"मारिकिनात. मनिलाच्या शेजारी," अर्चना म्हणाली. "चपलाबुटांसाठी प्रसिद्ध गाव आहे ते. त्यांचं कोल्हापूरच समजा. माजी अध्यक्ष मार्कोसच्या बायकोच्या, इमेल्डाबाईंच्या बुटांचं म्युझियम तिथेच आहे."

काका बराच वेळ मान हलवत राहिले. "म्हंजी ज्यांना मारायला हत्यार काढलं, त्यांच्याच देशातनं आता हप्त्यानं विकत घ्यायचं. वर १९ टक्के जकात देऊन. ह्याला म्हनायचं सूड. एक गोळी न्हाई झाडली बिचाऱ्यांनी."

त्या रात्रीचं सगळ्यात धारदार वाक्य हेच. मी लगेच फोनमध्ये टिपून घेतलं. नितीनला ते फारसं आवडलं नाही. तो म्हणाला, मग अमेरिकनच घेतो, स्प्रिंगफील्ड.

"कुठलं अमेरिकन?" मंदार अंगावरच आला. "त्यांची सांगाडा आणि स्लाइडची, म्हणजे वरच्या सरकत्या भागाची, घडाई वर्षानुवर्षं ब्राझीलला, इंबेल कंपनीकडे. नाव मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी कारखान्याचं, तो १९६८ साली बंद झाला. हे इलिनॉयवाले १९७४ पासून ते नाव लावतात."

"तुला एवढं कसं माहीत? तू तर ग्लॉकवाला."

"घेण्याआधी वाचलं होतं. वाचून ग्लॉक घेतलं."

मग गाडी कारखान्यांवर घसरली. दुसऱ्या महायुद्धात कोल्टला एकट्याने पुरवठा झेपेना, तेव्हा ज्यांना ठेके दिले त्यांत रेमिंग्टन रँड होती, टाइपरायटरवाली. सगळ्यांत जास्त १९११ए१, म्हणजे सुधारलेली १९११, तिनेच काढली, आठ लाखांच्या वर. शिवणयंत्रवाल्या सिंगरने फक्त ५०० केली. ती आज संग्राहकांच्या लिलावात वाट्टेल त्या किमतीला जातात.

"माझी थोरली बहीण रेमिंग्टनवर टायपिंगची चाळीसची परीक्षा पास झाली," काका म्हणाले. "मशीनगनसारखाच आवाज यायचा घरात."

"ग्लॉकचं काय?" मी विचारलं.

मंदार जरा चाचरला. "म्हणजे... ते आधी पडद्याच्या कांब्या बनवायचे."

यावर जो हशा झाला त्यात चहावाला खिडकीतून डोकावला. काका मात्र गंभीर. "आमचं पिस्तूल कुणी केलं माहीत हाय का? इंग्लिस म्हनून टोरांटोची कंपनी. लढाईनंतर ती धुण्याची मशीनं करायला लागली. आपलं नाइन एमएम वन-ए त्याचीच नक्कल, ईशापूरच्या रायफल फॅक्टरीतली."

इथे नितीनचा चेहरा पहिल्यांदा बदलला. "आमचं म्हणजे?"

"म्हंजी फौजेचं. ब्राउनिंग हाय-पॉवर. तुझ्या ब्राउनिंगबाबानंच सुरू केलं, पण १९२६ ला लिएजच्या कारखान्यातच तो गेला. पुढं सेव्ह नावाच्या बेल्जियन माणसानं पुरं केलं, १९३५ ला. तेरा गोळ्या. मी तीस वर्सं तीच उघडली आणि जोडली." काकांनी उजवा हात दिव्याखाली धरला. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात पांढरा जुना व्रण. "घोडा चावतो. मूठ वर धरली की मागं येताना कातडी पकडतो. तुझ्या १९११ला बी ही खोड होती. विशीच्या दशकात ए१ केलं तवा मागचं शेपूट लांब केलं, तवा कमी झाली. लांब शेपटाचं घे. बाकी टेक्निकल मला काय समजत न्हाई."

ते शेवटचं वाक्य काकांनी इतक्या मऊपणे टाकलं की नितीनला ते लागायला दोन घोट चहा जावा लागला. मग त्याने काकांचे पाय धरायचंच बाकी ठेवलं. आपण एका आर्मररला पिस्तूल शिकवत होतो हे कळल्यावर कुणीही हेच करेल. फरक इतकाच की बाकीचे नंतर थोडा वेळ गप्प बसतील.

"तीस वर्षं! कमरेला लावून फिरायचात?"

"पिस्तूल साहेबलोकांचं. जवानाकडं रायफल. मी लावायचं न्हवतं, साफ करायचं होतं. साहेबांनी पिस्तूल झाडलेलं क्वचित बघितलं. हरवलेलं मात्र बघितलंय, आणि मग अख्खी पलटण गवतात वाकून चाललेली."

यावरून मंडळाच्या एकांकिकेची आठवण निघणं अपरिहार्य होतं. नितीन इन्स्पेक्टर, हातात टिकल्यांचं पिस्तूल, "हलू नकोस" म्हणून चाप ओढला आणि टिकली वाजलीच नाही. विंगेतून ठो करायचं काम मंदारकडे होतं. तो बटाटेवडा खात होता. तरी खलनायक शिस्तीत मेला, आणि परीक्षकांनी त्याला अभिनयाचं बक्षीस दिलं. नितीनचं म्हणणं की ते बक्षीस त्याचं होतं आणि मंदारच्या वड्याने घालवलं. हा तंटा काही वर्षं चालू आहे. त्या रात्रीही तो यथासांग झाला. मी गाळतो.

अर्चनाने गाडी परत रुळावर आणली. आमच्यात नियमाने रेंजवर जाणारी ती एकटी, आणि बोलते सगळ्यांत कमी. "साडेचारशे हा आकडाच धरू नकोस," ती म्हणाली. ".४५ची पेटी ९ एमएमच्या जवळजवळ दुप्पट भावाने पडते. महिन्याला चार पेट्या झाडल्यास तर वर्षाच्या आत गोळ्या पिस्तुलापेक्षा महाग. झाडणार नसशील तर घेऊच नकोस. हेच पिस्तूल ९ एमएममध्येही मिळतं."

"९ एमएममध्ये १९११?" नितीनचा आवाज सोवळ्याला शिवल्यासारखा.

"बरं, .४५ घे. पण जुन्या घाटाचं घेतलंस तर गोल नाकाच्या गोळ्या घाल. पोकळ नाकाच्या त्यात अडकू शकतात. आणि घरात दोन पोरं आहेत तुझ्या, कुलपाची पेटी आधी. होल्स्टरच्या आधी घ्यायला हवी होतीस."

"आणि अडलं की पहिलं गोळ्यांचं मॅगझिन बदलून बघ," काकांनी पुस्ती जोडली. "लोक पिस्तुलाला शिव्या घालतात, चोर मॅगझिन असतं. दोन चांगली मॅगझिनं जादा घे. साडेचारशेतनं तेवढे पैसे काढता येत नसतील तर थांब."

"पण दोन्हींतलं कुठलं?"

"तुर्की. सांगाडा आणि स्लाइड दोन्ही घडीव हायत म्हनतात. फिलिपीन्सचं बी वाईट न्हाई, पण त्याचा सांगाडा ओतीव. ओतीव म्हंजी फुटतं असं न्हाई. माझा हात घडीवाला सवकलेला, एवढंच."

नितीनने शेवटचं हत्यार काढलं. सरकारी! २०१८ पासून लष्कराच्या गोदामातली खरीखुरी १९११ सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम नावाची संस्था सोडतीने विकत आली आहे. युद्ध पाहिलेलं पिस्तूल! कुणाच्या हातात असेल, कुठल्या किनाऱ्यावर उतरलं असेल...

"सिटिझन लागतं," अर्चना म्हणाली. "तुझं ग्रीन कार्ड. दुकानातून घेता येईल, तिथून नाही."

या एका वाक्याने नॉर्मंडीचा किनारा ओसरला. थोडी शांतता झाली, आणि तेवढ्यात इतका वेळ गप्प असलेल्या सुयोगने घसा साफ केला.

"ताई, एच-वन-बीवर काहीच घेता येत नाही ना?"

"एरवी नाही. पण शिकारीचं लायसन चालू असेल तर येतं. कायद्यातच सूट आहे."

आम्ही सगळे सुयोगकडे वळलो. सुयोगच्या गळ्यात तुळशीची माळ. घरात पिढ्यान्‌पिढ्या वारी. ऑफिसच्या पार्टीत तो केकलाही अंडं आहे का विचारतो. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या घरात झुरळं झाली तेव्हा त्याने ती कागदाच्या कपात पकडून बाहेर सोडली होती. ती मंदारच्या गॅरेजमध्ये गेली असा मंदारचा आरोप आहे.

"केवढ्याला मिळतं?" सुयोगने विचारलं.

"रहिवाशाला पंचवीस डॉलर."

"मग प्रत्यक्ष मारावं लागतं का काही? वर्षाला एखादं तरी?"

"नाही रे. नुसतं जवळ ठेवायचं."

सुयोगने विचार केला. काका, मंदार, मी, कुणीच श्वास घेत नव्हतो. "म्हणजे परवाना घेतला आणि हरणाला सोडून दिलं," तो म्हणाला, "तर ते पुण्यातच धरतील ना?"

मंदार भिंतीवरून मागे झुडपात पडला. काकांनी टोपी काढून डोळे पुसले. चहावाल्याने खिडकी ओढून घेतली. नितीन एकटाच होल्स्टर हातात धरून विचारत होता, "अरे पण टिसासचं काय? मागवू का? काका? मागवू का?"