इसब म्हणजे ‘अशुद्ध रक्त’ नव्हे

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘इसब म्हणजे अशुद्ध रक्त त्वचेवाटे बाहेर पडणं, म्हणून लाली येते. खाजेला ॲलर्जीची गोळी पुरते. मलम लावलं की रोग आत दबतो.’ रात्रभर खाजवणाऱ्या लेकरांचे आईवडील हे वाचून उपचार थांबवतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

आधी रक्ताचं. इसबात त्वचेचा संरक्षक थर कमकुवत असतो. तिथल्या पेशी दाह घडवणारी रसायनं सोडतात. त्यांनी बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त जास्त वाहतं, भिंतींतून द्रव झिरपतो. जखमेतून पाझरतं ते हेच, घाण नव्हे. गंमत म्हणजे इसबाच्या त्वचेवर बोथट टोकाने रेघ ओढली तर ती लाल होण्याऐवजी बऱ्याचदा पांढरी पडते, कारण तिथल्या वाहिन्या उलट आकसतात. बिघाड आहे तो वाहिन्यांच्या नियंत्रणात. सावळ्या त्वचेवर तर लाली बऱ्याचदा नीट दिसत नाही. डाग करडे किंवा जांभळट दिसतात आणि दाह किती आहे याचा अंदाज चुकतो.

गोळीचा मुद्दा अर्धवट खरा, म्हणून जास्त फसवा. अंगावर पित्त उठतं तेव्हा खाज मुख्यतः हिस्टामिन या रसायनाची असते आणि ॲलर्जीची गोळी तेच अडवते, म्हणून तिथे ती छान चालते. इसबात मात्र इंटरल्युकिन-४, १३ आणि ३१ ही रसायनं थेट खाजेच्या मज्जातंतूंवर काम करतात. खाजकुइली आठवा: तिच्या कुसळांतलं विकर हिस्टामिनला वगळून वेगळ्याच वाटेने तंतू चेतवतं. इसबाची बरीचशी खाज अशाच आडवाटांनी येते. २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं ड्युपिलुमॅब हे औषध इंटरल्युकिन-४ आणि १३ यांचा संदेश अडवतं आणि खाज उतरते. हिस्टामिनला ते हातही लावत नाही. गुंगी आणणाऱ्या गोळीने झोप लागते, पण तेवढ्याने खाजेचं मूळ हलत नाही.

त्यात खाजवण्याची भर. चेतलेले तंतू स्वतःच ‘सबस्टन्स पी’सारखी रसायनं सोडतात, वाहिन्या आणखी रुंदावतात, सूज वाढते. नखांनी संरक्षक थर आणखी फाटतो आणि पुन्हा खाज.

राहिलं मलम. स्टेरॉइडचं मलम त्याच जागी या रसायनांची निर्मिती कमी करतं. आत ढकलायला तिथे काही साठलेलंच नसतं. मनाने, महिनोन्महिने, तीव्र मलम चोळलं तर त्वचा पातळ होते, ही भीती खरी आहे. म्हणून किती तीव्रतेचं, कुठे आणि किती दिवस लावायचं हे त्वचारोगतज्ज्ञाला विचारा, आणि कोरडेपणा घालवणारं साधं मलम रोज लावत राहा, खाज नसेल त्या दिवशीही.