दुष्काळ ठरवायचाय ना, मग सगळे पुरावे एका टेबलावर आणा

२०२३ चा ऑगस्ट आठवतोय? १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट, पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. मराठवाड्यात सोयाबीन नेमकं फुलात, शेंगेत आलेलं आणि पाऊस गायब. नंतर सप्टेंबरात पडला, पावसाची बेरीज थोडी सुधारली, पण शेंग भरायची वेळ निघून गेली ती गेलीच.

त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, मग ओरड झाली आणि नोव्हेंबरात १०२१ महसूल मंडळांत (मंडळ म्हणजे तालुक्याखालचा काही गावांचा गट) दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली. मंडळांचा निकष काय, तर जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरपेक्षा कमी. म्हणजे परत बेरीजच! पावसाचा खंड किती दिवसांचा, पीक तेव्हा कुठल्या अवस्थेत होतं, हे त्या बेरजेत दिसतच नाही. आणि पर्जन्यमापक मंडळाला एक, अख्ख्या मंडळातली गावं त्या एकाच आकड्यावर.

बरं, केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत हे सगळं लिहिलेलं आहे. पाऊस, खंड, पेरणी, मातीतला ओलावा, भूजल, उपग्रहावरून दिसणारी हिरवळ आणि वर निवडक गावांत जाऊन प्रत्यक्ष पडताळणी. विचार एकदम बरोबर आहे, कारण प्रत्येक पुराव्याला काहीतरी दिसत नाही. उपग्रहाला हिरवं दिसतं, दाणा दिसत नाही. पाण्याच्या ताणात फुलं गळालेलं सोयाबीन नंतरच्या पावसात परत हिरवंगार होतं, वरून बघणाऱ्याला वाटतं पीक जोरात आहे, झाड उपटून बघा, दोन-चार शेंगा आणि त्यातही दाणा ज्वारीएवढा.

म्हणून काहीजण म्हणतात उपग्रह नको, आपली जुनी पैसेवारीच बरी, म्हणजे गावातलं पीक रुपयाला किती पैसे आलं याचा महसूल खात्याचा अंदाज. मला ते अजिबात पटत नाही. नजर पैसेवारी नजरेवरच असते, त्यात दबाव येतो, शेजारच्या दोन गावांची पैसेवारी वेगळी का याचं उत्तर कुणी देत नाही, आणि ५० पैशांच्या वर की खाली यावर तर कृषिपंपाच्या वीजबिलातली साडेतेहतीस टक्के सूट, मुलांची परीक्षा फी माफी, कर्जाचं पुनर्गठन असं बरंच काही ठरत आलंय. तिथं मोजलेला आकडा हवाच, फक्त एकटा नको.

भूजल सर्वेक्षणवाले निरीक्षण विहिरींची पातळी मोजतात, कृषी खातं पीक कापणी प्रयोग करतं, म्हणजे शेताच्या ठरावीक तुकड्यातलं पीक कापून उत्पादन मोजतं, मंडळात हवामान केंद्र आहे, टँकरच्या मागणीची नोंद तहसीलला असते. माहिती आहे हो, पण प्रत्येकाची वेगळ्या फायलीत, आणि ज्याचं पीक गेलं त्याला त्यातलं काहीच बघायला मिळत नाही.

माझी मागणी एवढीच आहे की अंतिम पैसेवारी लागायच्या आधी हे सगळे आकडे गावनिहाय ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, ग्रामसभेत वाचून दाखवा, आणि जिथं उपग्रह एक सांगतो आणि कापणी प्रयोग दुसरंच, तिथं तलाठी, कृषी सहाय्यक आणि गावातले चार शेतकरी मिळून परत शेतात जाऊ द्या, फोटोसकट पंचनामा करू द्या. निर्णय विरोधात गेला तरी चालेल, पण तो कशावरून घेतला ते लेखी मिळालं पाहिजे.